तुगासच्या फळीत अडलेली खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे, मित्रांनो. पण तुम्ही ज्या खुंटीवर ओला शर्ट अडकवता ती माझी कोणी लागत नाही. ती लाकडाची, मी पोलादाची. तिच्यावर कुणीही काहीही टांगून जातं. माझ्या अंगाला एक तार गुंडाळलेली आहे आणि ती तार मी नव्वद वर्षं ताणून धरली आहे. मी पियानोतली खुंटी आहे. आमच्या पियानोत आम्ही दोनशे सव्वीस जणी आहोत. त्यांतल्या दोनशे पंचवीस जणींबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तुम्हांला शाळेत असे निबंध लिहायला लावतात हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, बंद पडलेलं घड्याळही रडतं आणि शेवटी 'मला टाकू नका हो' म्हणतं. मला त्या सगळ्यांचा वीट आला आहे. मी रडणार नाही. माझ्या गोष्टीत रडण्यासारखं एकच आहे आणि ते मी शेवटी सांगणार आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. सळईचे तुकडे पाडले, अंगावर बारीक आटे काढले, डोकं चौकोनी केलं. त्या चौकोनी डोक्यावर किल्ली बसवायची आणि मला वळवायचं, म्हणजे तार चढते किंवा उतरते. एवढं सोपं काम आहे. तरी जगात ते धड करणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजली आहेत, आणि बोटं उरली आहेत.

बोटीतून आम्ही फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बंदरात उतरलो आणि तिथून बैलगाडीने गिंबाल या गावी आलो. ज्यांनी आम्हांला मागवलं त्या आजोबांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. पलीकडच्या घरात पियानो आला, म्हणून यांच्याही घरात हवा होता. आल्या आल्या पियानोवर लेसचं कापड पसरलं गेलं. मग त्यावर बाळयेशूची मूर्ती आली, लग्नांचे फोटो आले, प्लास्टिकची फुलं आली आणि एक सोनेरी घड्याळ आलं, जे कधीच चाललं नाही. पाहुणे यायचे आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून बोट फिरवून 'काय सुंदर!' म्हणायचे. पट्ट्या काय, नुसत्या दातांसारख्या समोर बसतात म्हणून दिसतात. सूर धरून ठेवण्याचं काम आम्ही आत अंधारात करतो. पण झाकण उचलून आमच्याकडे बघायची बुद्धी कुणाला होत नाही.

माझा मान तर वेगळाच आहे. माझी तार 'ला' या सुराची. सूर लावणारा माणूस आला की तो ठरलेला सूर देणारा नादकाटा गुडघ्यावर आपटतो, कानाशी धरतो आणि सगळ्यांत आधी माझ्याकडे येतो. माझा सूर लागला की मग माझ्यावरून बाकीच्यांचे लागतात. आता कळलं ना, मी बाकीच्या दोनशे पंचवीस जणींना का मोजत नाही?

त्या आजोबांची नात पेर्पेतुवा. गिंबालात सगळ्यांचीच आडनावं 'ग'ने सुरू होतात, त्यामुळे आडनावावरून कुणाची लायकी कळत नाही. पट्टीवर बोट ठेवलं की कळते. पेर्पेतुवा गायोसोच्या बोटांना मी कधी नाव ठेवू शकले नाही, आणि मी नावं ठेवण्यात कमी नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिने लग्न केलं नाही. पन्नास वर्षं ती गावातल्या मुलांना शिकवत राहिली आणि सगळं गाव तिला माएस्त्रा, म्हणजे बाई, म्हणायला लागलं. तिच्याकडे शिकणाऱ्या मुलांबद्दल मात्र विचारू नका. आंब्याचा रस लागलेल्या बोटांनी यायची, तिने हात धुवायला पाठवलं की ओल्या बोटांनी यायची आणि एकच धडा महिनाभर बडवायची.

मग एका मोठ्या वादळाच्या वर्षी घरात पाणी शिरलं. पाणी ओसरलं, ओल राहिली आणि ओलीमागून वाळवी आली. ज्या फळीत आम्ही रोवलेल्या होतो ती फळी वाळवीने आतून पोखरून टाकली. आम्ही सैल झालो. सकाळी लावलेला सूर संध्याकाळपर्यंत उतरायचा. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सैल खुंटी म्हणजे काय हो? घरात बसून खाणारा पाहुणा.

फळी बदलायची ठरली. रस्त्याच्या पलीकडे देमेत्रियो गारिबाय नावाचा सुतार राहायचा. देवळाचा दरवाजा त्याच्या हातचा आणि निम्म्या गावाच्या घरांचे खांब त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माएस्त्राचं छप्पर उडालं की शिडी घेऊन तोच यायचा आणि रविवारी देवळात मिसा, म्हणजे येशूची प्रार्थना, झाली की तिच्याकडे चॉकलेट प्यायला बसायचा. तो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. ती त्याला नोंग देमेत म्हणायची, म्हणजे देमेतदादा. तो तिला सगळ्यांसारखं माएस्त्राच म्हणायचा.

"माएस्त्रा, तुमच्या त्या परदेशी लाकडाला वाळवी लागली, कारण ते परदेशी होतं," देमेत म्हणाला. "मी तुगास घालतो."

तुगास म्हणजे इथल्या घरांच्या खांबांचं लाकूड. वादळात घर जातं, तुगासचा खांब उभा राहतो. वाळवी त्याच्याकडे बघून पुढे जाते. इथल्या माणसाला वाटतं, जे तुगासचं ते चांगलं, मग तो खांब असो, पाट असो की शवपेटी. पण खांबाने हलायचं नसतं आणि खुंटीने मात्र गरज पडेल तेव्हा केसभर हलायचं असतं, हा फरक त्या सुताराच्या डोक्यात शिरला नाही. पेर्पेतुवाच्याही शिरला नाही. हिला पन्नास वर्षं पियानो वाजवता येत होता, पण त्याच्या आत काय असतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

फळी आमच्याच बैठकीत तयार झाली. पलीकडच्या बायका बघायला जमल्या. पेर्पेतुवा दारात उभी राहून त्यांना सांगत होती, "नोंग देमेतच्या हातची वस्तू आहे. आता शंभर वर्षं बघायला नको."

देमेत दोनशे सव्वीस भोकं पाडत होता. भोकं पाडताना लाकडाचा भुगा पिवळा यायला हवा होता, तो काळा येत होता. मी बाजूला एका पत्र्याच्या डब्यात पडले होते आणि मला जळका वास येत होता. दारातल्या बायका मात्र नाकं असून नसल्यासारख्या उभ्या होत्या. मग त्याने आम्हांला एकेक करून हातोडीने आत ठोकलं. मी कुरकुरत, कण्हत आत गेले. आजवर कुठल्या लाकडाने मला असं आवळलं नव्हतं.

"आता या खुंट्या हलल्या तर माझं नाव बदला," देमेत म्हणाला.

त्याचं नाव बदलायची वेळ आली नाही.

पुढच्याच आठवड्यात शहरातून सूर लावणारा आला. मोठा नावाजलेला, मिशीला तेल लावणारा. त्याने नादकाटा आपटला आणि किल्ली माझ्या डोक्यावर बसवली. ओढलं. मी हलले नाही. म्हणजे माझं डोकं थोडं पिळलं गेलं, पण पाय भोकात रोवलेलेच. त्याने आणखी ओढलं, तरी नाही. मग त्याने दात-ओठ खाऊन ओढलं आणि मी टक् करून उडी मारली. तार 'ला' सोडून पार पुढे गेली. त्याने उलट ओढलं. आधी काहीच नाही आणि मग टक्, पार खाली. अर्धा तास तो एका माझ्याशी झुंजत होता. घामाने मिशीचं तेल ओघळलं. मला इतकी मजा आली म्हणून सांगू!

"माएस्त्रा, ही फळी..." तो बोलायला लागला.

पेर्पेतुवाने चटकन ओठांवर बोट ठेवलं आणि रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. "हळू बोला. समोर ऐकू जाईल."

"पण भोकं फार..."

"हवा दमट आहे. नाही का?"

त्यानेही रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. मग त्याने किल्ली पिशवीत टाकली. "हो, माएस्त्रा. हवाच दमट आहे," तो म्हणाला आणि बिस्कोचो, म्हणजे इथला कुरकुरीत टोस्ट, खाऊन निघून गेला.

इथे या प्रकाराला हुया म्हणतात. तुम्ही लाज म्हणा, भीड म्हणा. इथली माणसं भांडतानासुद्धा गाणं म्हटल्यासारखी मऊ बोलतात, आणि समोरच्याचं मन दुखेल अशी गोष्ट तर बोलतच नाहीत. ज्या माणसाने छप्पर दुरुस्त केलं, ज्याने फळीसाठी खपून आठ दिवस घातले, त्याला 'तुझं चुकलं' म्हणायचं? त्यापेक्षा बेसूर वाजवलेलं बरं! मग सगळं खापर हवेवर फोडायचं. नंतर आणखी दोन जण आले. एकाने हातभर लांब किल्ली आणली, दुसऱ्याने जोर लावून दोन तारा तोडल्या. दोघांनीही जाताना हवेलाच दोष दिला. हवा बिचारी काय बोलणार?

अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं पोरं चुकीच्या सुरावर शिकली आणि मे महिन्यात देवळात फुलं वाहताना तेच चुकीचे सूर गळ्यातून काढत राहिली. त्यांच्या आया डोळे पुसत ऐकायच्या. त्या मुलांना आणि आयांना एकाच पोत्यात भरून समुद्रात सोडावं असं मला वाटायचं.

दर रविवारी देमेत चॉकलेटच्या पेल्यात बिस्कोचो बुडवत विचारायचा, "कसा आहे आपला पियानो?"

"खणखणीत," पेर्पेतुवा म्हणायची आणि त्याच्यासाठी काहीतरी वाजवायची. तेव्हा ती काय करायची ते फक्त मला माहीत होतं. ज्या पट्ट्या फारच बेसूर होत्या त्यांना ती हातच लावायची नाही. 'ला' आला की तिचं बोट माझ्या पट्टीवरून उडी मारून जायचं. ज्या सुरापासून सगळे सूर लागतात, त्यालाच गाण्यातून बाहेर ठेवलं होतं. मला राग यायचा, पण मी तो तिच्यावर काढायचे. मला वाटायचं, हिला आता वाजवता येत नाही. मी तर जागची हलत नाही, माझ्यात काय खोट असणार? कुणाच्या बापाला मी हलले नव्हते आणि याचा मला माज होता.

मग पेर्पेतुवाचे कान जायला लागले.

आधी तिला दारावरची थाप ऐकू येईना. मग पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या ती दाबायची आणि पुन्हा दाबायची. इलोइलोच्या डॉक्टरांनी सांगितलं की वरच्या सुरांपासून ऐकू येणं बंद होत खाली येईल. वर्षभर जाईल, फार तर थोडं जास्त, आणि मग काहीच ऐकू येणार नाही. तिने हे देमेतला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली, झाकण उघडलं आणि बाळयेशूच्या मूर्तीकडे बघून म्हणाली, "एकदा तरी नीट ऐकव. कान आहेत तोवर एकदा."

एवढंच तिचं मागणं होतं. मी तेव्हाही तुच्छतेने हसले. म्हटलं, बाई, कोण माझ्याशी झुंजणार ते तर पाठव.

ऑक्टोबरात जीपनीतून, म्हणजे इथल्या प्रवासी जीपमधून, सालुद उतरली. चाळिशीची, काडीसारखी, खांद्याला कापडी पिशवी. इलोइलोतल्या जारोच्या एका जुन्या सूर लावणाऱ्याची मुलगी. बापाच्या मागे तीच हे काम करायची. तिचं मनगट बघून मी म्हटलं, ही मला हलवणार? हिला तर झाकण उचलायला दोन माणसं लागतील.

तिने झाकण एका हाताने उचललं. पियानोचं पुढचं आवरण काढून भिंतीला टेकवलं. नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि किल्ली माझ्यावर ठेवली. तिने जोर लावला नाही. हळूहळू ओढून ती थांबली आणि तार नाही, तर माझं डोकं बघायला लागली.

"माएस्त्रा, ही खुंटी वळत नाहीये. नुसती पिळतेय."

"काय?" पेर्पेतुवा म्हणाली.

सालुद मोठ्याने म्हणाली, "वळत नाहीये!"

"हवेमुळे असेल, इन्दाय." लेकीच्या वयाच्या बाईला इथे इन्दाय म्हणतात.

"हवा? हवा सगळ्या गावाला सारखीच आहे. फळी कुणी बसवली ही?"

पेर्पेतुवा उठली आणि तिने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. आत उकाड्याने जीव जात होता. "हळू बोल गं."

"हळू बोलले तर तुम्हांला ऐकू येत नाही. फळी कुणी बसवली?"

"आधी बिस्कोचो घे."

सालुदने बिस्कोचो घेतला, पण हवेचं नाव घेतलं नाही. म्हणूनच मला ती आवडली नाही. ती मला एक पाव वळण खाली आणायची, परत वर न्यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक वेळी मी टक् करायचे आणि ती म्हणायची, "कर, कर." दहा-बारा वेळा असं केल्यावर काही खुंट्या नरमल्या. माझ्या शेजारच्या दोघी तर लगेच वळायला लागल्या. त्यांना कणाच नव्हता. मी नरमले नाही.

मग तिने माझी तार सैल केली, माझ्या अंगावरून काढली आणि मला हळूहळू उलटं फिरवत फळीतून बाहेर ओढलं. अकरा वर्षांनी मी उजेडात आले आणि सालुदने माझ्या भोकात बॅटरीचा प्रकाश टाकला.

"भाजलंय," ती म्हणाली.

"काय?" पेर्पेतुवाने विचारलं.

"भोक आतून भाजलंय! गिरमिटाच्या बोथट बिटने पाडलंय. लाकूड कापलं गेलं नाही, घासलं गेलं. घासून तापलं आणि आतून काचेसारखं गुळगुळीत झालं. म्हणून खुंटी आधी चिकटून बसते आणि मग घसरते."

मित्रांनो, मला अकरा वर्षं जे माझं मोठेपण वाटत होतं ते हे होतं. मी निष्ठेने उभी नव्हते. मी एका जळक्या भोकात अडकले होते. टेबलावर आडवी पडून मी हे ऐकलं आणि आजही ते आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

उपाय साधा होता. एकेक खुंटी काढायची, भोक आतून केसभर खरवडून तो जळका थर घालवायचा, खडूची पूड फिरवायची आणि खुंटी परत बसवायची. खरवडलं जास्त तर खुंटी सैल होणार, म्हणून हात जपून चालवायचा. खरवडायच्या धारदार हत्याराला रीमर म्हणतात. सालुदने पिशवीतून तो काढला आणि माझ्याच भोकापासून सुरुवात केली. दुसऱ्या भोकात रीमर कुरकुरला. तिसऱ्यात त्याची धार गेली. तुगासने तो खाऊन टाकला.

"याला तुगास कापणारी धार पाहिजे. अशी धार लावणारं कोणी आहे का गावात?" सालुदने विचारलं.

पेर्पेतुवाने बंद खिडकीकडे पाहिलं. गावात अशी धार लावणारा एकच माणूस होता.

"आहे, पण त्याच्याकडे जायचं नाही," ती म्हणाली.

"मग पियानो लागणार नाही."

"नाही लागला तर नाही लागला."

"माएस्त्रा, कान कुणाचे जातायत? तुमचे की त्याचे?"

पेर्पेतुवाने बराच वेळ लेसच्या कापडाची घडी केली आणि मोडली. मग म्हणाली, "जारोतल्या एका खांबासाठी हवंय असं सांग. माझं नाव काढू नकोस."

बघा माणसांची अक्कल! समोरच्या घरातून बाई निघते, रस्ता ओलांडते आणि म्हणते की मी जारोहून आले. सालुद गेली. मी टेबलावर पडून वाट बघत होते. पाच मिनिटांत ती परत आली, पण एकटी नव्हती. तिच्या मागे देमेत होता. टोपी एका हातात, रीमर दुसऱ्या हातात. त्याने सालुदला एकही प्रश्न विचारला नव्हता. रीमरला लागलेली काळी पूड बोटावर घेऊन हुंगली होती आणि सरळ चालत आला होता.

तो दारात उभा राहिला, जमिनीकडे बघत. अगदी इथल्या पद्धतीने, मऊ आवाजात तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?" पेर्पेतुवाने विचारलं.

तो पुन्हा पुटपुटला.

"नोंग, मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही."

देमेतने मान वर केली. "बिट बोथट होता, माएस्त्रा."

"काय?"

"बिट बोथट होता!" तो ओरडला. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात हा माणूस कधी ओरडला नसेल. पलीकडच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. "तिसऱ्या भोकालाच धूर आला! दुसरा बिट नव्हता माझ्याकडे, थांबून धार लावायला हवी होती! तुम्ही दारात उभं राहून सगळ्यांना सांगत होतात, देमेतच्या हातची वस्तू! मग मी थांबू कसा? कसा सांगू?"

"मला माहीत होतं!" पेर्पेतुवाही ओरडली. कानाने कमी ऐकणाऱ्याला आपला आवाज कळत नाही. "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं! मी सगळ्यांना हवा सांगायला लावली!"

"मग मला का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

सगळी गल्ली ऐकत होती. अकरा वर्षं खिडक्या लावून जपलेलं गुपित दोन म्हाताऱ्यांनी अर्ध्या मिनिटात रस्त्यावर आणलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

देमेत जवळ आला. "ऐकू येत नाही म्हणजे? कधीपासून?"

तिने डॉक्टरांचं सांगितलं. तो खाली बसला आणि टोपी गुडघ्यांवर फिरवत राहिला. मग उठून म्हणाला, "माझी धार लावायची पेटी घेऊन येतो," आणि गेला.

अकरा दिवस काम चाललं. सालुद एक भोक खरवडायची, खुंटी बसवायची, दुसऱ्याकडे वळायची. दर पाच भोकांनंतर देमेत रीमर घेऊन दगडावर पाणी टाकून धार लावायचा. स्वतःची चूक एकेका भोकाने खरवडून काढण्यासाठी धार लावत बसला होता म्हातारा! दुपारी पेर्पेतुवा दोघांना भात आणि सुकी मासळी वाढायची आणि मोठ्याने म्हणायची, "नोंग, इथेही काळं राहिलंय बघा." तो म्हणायचा, "बघतोय, माएस्त्रा, आता तेच करतोय." अकरा वर्षांत जे दोघं बोलले नव्हते ते सगळं त्या दिवसांत बोलून झालं, आणि गल्लीला मोफत ऐकायला मिळालं.

शेवटच्या दिवशी सालुदने नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि किल्ली माझ्यावर ठेवली. ती हलली तेवढीच मी हलले. ना टक्, ना उडी. केसभर म्हटलं तर केसभर. मी जिथे थांबले तिथे 'ला' होता आणि मी तिथेच राहिले. मला वाटायचं की वळणं म्हणजे हार. तसं काही नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

पेर्पेतुवा वाजवायला बसली. अगदी वरच्या टोकाच्या पट्ट्या तिला ऐकू येत नव्हत्या, पण बाकीचे सगळे सूर येत होते. तिने एकही पट्टी चुकवली नाही. तिचं बोट माझ्यावर आलं, थांबलं आणि तिने ती पट्टी पुन्हा दाबली. मग पुन्हा. ती रडत होती, आणि तिची मला कीव आली नाही, माझी आली.

"ही पट्टी पूर्वी तुम्ही वाजवायचा नाहीत," देमेत तिच्या कानाजवळ म्हणाला.

"तुम्हांला कळायचं?"

"दर रविवारी."

म्हणजे हेही याला माहीत होतं. धन्य आहे बाबा तुम्हां माणसांची!

त्यानंतर ती रोज सकाळ-संध्याकाळ वाजवायची. ऐकू येणं एकेका पट्टीने खाली येत होतं. फेब्रुवारीत माझ्या वरचं सगळं गेलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा एका सकाळी तिने 'ला' दाबला, वाट पाहिली, पुन्हा दाबला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अकरा वर्षं बेसूर काढली आणि नीट ऐकायला मिळाले आठ महिने. रडण्यासारखं एक आहे म्हटलं होतं, ते हे. यात पाणी, वाळवी, हवा कुणाचाच दोष नाही.

अजूनही दर रविवारी देमेत येतो. चॉकलेट पितो. मग आपल्या जाड अंगठ्याने 'ला'ची पट्टी दाबतो आणि तिच्याकडे बघतो.

"उतरलाय," पेर्पेतुवा म्हणते.

तो मान हलवतो. नाही उतरला.

"सुताराला काय कळतंय?" ती म्हणते आणि दोघं हसतात.

मित्रांनो, उतरलेला नाही. मी त्याची ग्वाही देते. पण ते ऐकायला आता तिला कान नाहीत. तुमच्याही घरात कुठे तरी काही अडलं असेल, कुणाचं काही चुकलं असेल आणि तुम्ही सगळे मिळून हवेला नावं ठेवत बसला असाल. मला तुमच्याकडून फार अपेक्षा नाही, तुम्ही पट्ट्यांचं कौतुक करणारी माणसं. तरी सांगते. जा आणि त्या माणसाला सांगा, सगळी गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने सांगा, पण तुम्हां दोघांचे कान आहेत तोवर सांगा.